अक्कलदाढ अडते तेव्हा

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन. वक्त्या बडोद्यात मुखशल्यचिकित्सक आहेत.)



दरवर्षी गणपतीत मी या व्यासपीठावर येते ती बहुधा मुलांच्या वेशभूषा स्पर्धेची परीक्षक म्हणून. यंदा चिटणीसांचा फोन आला, "ताई, या वेळी तुमच्या विषयावर बोला. पण एक करा, लोकांना घाबरवू नका. नंतर प्रसादाला थांबायला हवेत." मी शब्द दिला आहे. तो पाळायचा प्रयत्न करते. एके ठिकाणी थोडं घाबरवणार आहे, त्याची आधीच माफी मागते.

एकदंताच्या समोर उभं राहून दातांवर बोलायचं म्हणजे जरा संकोचच वाटतो. पण हत्तीच्या दाढांची एक गोष्ट मला फार आवडते, ती सांगूनच सुरुवात करते. हत्तीच्या दाढा आपल्यासारख्या खालून वर येत नाहीत. त्या जबड्यात मागे तयार होतात आणि हळूहळू पुढे सरकतात. पुढची दाढ झिजून तुकड्यातुकड्यानं पडते, तिची जागा मागची घेते. अशा प्रत्येक बाजूला एकामागून एक सहा दाढा त्याला आयुष्यभरात मिळतात. म्हणजे मागच्याला जागा हवी असेल तर पुढच्यानं सरकायचं, असा तिथला शिस्तीचा कारभार. आपल्या जबड्यात पुढचा कोणी सरकत नाही. आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

मधल्या रेषेपासून एकेक दात मोजत मागे गेलं, तर आठवा दात म्हणजे अक्कलदाढ. वर दोन, खाली दोन, अशा चार. साधारण सतरा ते पंचविसाच्या दरम्यान ती तोंडात येते. त्या वयात माणसाला अक्कल येते असा पूर्वजांचा समज, म्हणून हे नाव. माझे गुजराती पेशंट तिला 'डहापणनी दाढ' म्हणतात, म्हणजे शहाणपणाचीच. लॅटिन आणि अरबीतही हेच. जपानी भाषेत मात्र तिला 'आई-वडिलांना माहीत नसलेली' अशा अर्थाचं नाव आहे, कारण ती येते तोवर मुलगा घराबाहेर पडलेला असतो. आणि कोरियात ती 'प्रेमाची दाढ'. त्या वयात कशानं जास्त दुखतं हे त्या लोकांनी बरोबर ओळखलं असावं!

आता मुद्द्यावर येते. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो, "डॉक्टर, माझीच दाढ अशी वाकडी का? घरात तर कोणाची नाही." तर पहिली गोष्ट, तुम्ही एकटे नाही. २०१६ साली जगभरातल्या ४९ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात ८३ हजारांहून अधिक माणसांची नोंद होती. निष्कर्ष असा निघाला की साधारण चौघांतल्या एकाची निदान एक तरी अक्कलदाढ अडलेली असते. नेमका आकडा शंभरात चोवीसच्या आसपास. आणि वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात अडण्याची शक्यता साधारण दीडपट.

त्याच अभ्यासकांनी आदल्या वर्षी दुसरा हिशेब मांडला होता. शंभरात बावीस-तेवीस माणसांना एखादी तरी अक्कलदाढ मुळात तयारच होत नाही. म्हणजे 'मला तीनच आल्या, चौथी कधी येणार' म्हणून वाट पाहणारे जे आहेत, त्यांनी एकदा एक्सरे काढून बघावा. चौथी अडलेली असेल, किंवा नसेलच. नसेल तर पेढे वाटावेत.

हे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी फार वेगळे दिसतात हेही सांगायला हवं. मासिकांत कुठे सतरा टक्के वाचाल, कुठे साठ. खोटं कोणीच सांगत नसतं. दातांच्या दवाखान्यात आलेल्या लोकांचे एक्सरे मोजले तर आकडा फुगणारच, कारण दुखत नसलेला माणूस तिथे गेलेलाच नसतो. वयाचंही तसंच आहे. विसाव्या वर्षी 'अडली' म्हणून लिहिलेली दाढ पुढच्या चार-पाच वर्षांत सरळ होऊन वर येऊ शकते. फिनलंडमध्ये विद्यार्थ्यांना विसाव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं, तेव्हा आधी अडलेल्या वाटलेल्या काही दाढा नंतर चक्क तोंडात आलेल्या दिसल्या. म्हणून एकोणिसाव्या वर्षी एक्सरे बघून कोणी घाईनं 'अडली' म्हणालं, तर आणखी एकदा विचारून घ्यावं.

मग खालचीच दाढ जास्त का अडते? आपला खालचा जबडा बाजूनं पाहिला तर इंग्रजी 'एल' अक्षरासारखा दिसतो. आडवा भाग म्हणजे दात असलेला, आणि उभा भाग कानाकडे जाणारा. दोन्ही जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, मूल आठ-दहा वर्षांचं असताना, अक्कलदाढेची घडण सुरू होते. तिचं तोंड तेव्हा वर नसतं, पुढे झुकलेलं असतं. मुलाची वाढ होते तसं त्या उभ्या हाडाच्या पुढच्या कडेचं हाड कमी होत जातं आणि मागच्या कडेला नवं भरत जातं. म्हणजे घराची पुढची भिंत मागे सरकवून अंगण वाढवावं तसं. त्या वाढलेल्या अंगणात दाढ हळूहळू मान वर करते, सरळ होते आणि बाहेर येते. अंगण पुरेसं वाढण्याआधीच वाढीचं वय संपलं, तर ती आहे त्या अवस्थेत अडकून पडते. पुढे झुकलेली ती झुकलेलीच राहते.

जागा कमी पडण्याला खाण्याचाही हात असावा असं बरेच अभ्यासक मानतात. १९५४ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बेग यांनी तिथल्या आदिवासींचे दात अभ्यासून लिहिलं होतं की खरखरीत खाण्यानं दात वरून झिजतातच, पण दोन दातांच्या मधल्या बाजूंनीही झिजतात. सगळी रांग थोडीथोडी पुढे सरकते आणि शेवटच्या दाढेला जागा होते. बघा, हत्तीचीच युक्ती! आपल्याकडे १९८३ साली उत्तर भारतात खेड्यातल्या आणि शहरातल्या तरुणांच्या दातांची तुलना झाली, तेव्हा शहरी मुलांत दातांची रांग बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मिक्सरमधली चटणी आणि ब्रेड खाणाऱ्या जबड्याला भाकरी आणि उसाइतकं काम नसतं, हे तर खरंच. पण कृपया घरी जाऊन नातवाला ऊस चावायला लावू नका. एकट्या उसानं दाढ सरळ होत नाही. अनुवंश, जबड्याचा आकार, दाढेचा आकार हे सगळं त्यात असतं.

आता ही दाढ अडते किती प्रकारांनी, ते सांगते. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी बडोदा स्टेशनवरून सुट्टीत मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत जनरल डब्यातून प्रवास केलेला असणार. तिघांच्या बाकावर चौथा माणूस कसा बसतो ते आठवा. बाकाच्या टोकाला भिंत आहे आणि शेजारी आधीच ठाण मांडून बसलेले एक काका आहेत. ते काका म्हणजे तुमची दुसरी मोठी दाढ, आणि भिंत म्हणजे जबड्याचं उभं हाड.

चौथा माणूस पहिला प्रकार करतो तो म्हणजे काकांच्या खांद्यावर रेलतो. दाढ पुढे कलून शेजारच्या दाढेला टेकते. हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. आमच्या शल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकात अडलेल्या खालच्या दाढांपैकी त्रेचाळीस टक्के अशा असल्याचं दिलेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे जागा नाही म्हणून उभाच राहतो. दाढ सरळ असते, पण वर यायला वाव नसतो. हे अडतीस टक्के. तिसरा प्रकार म्हणजे मागे भिंतीला टेकून बसतो. दाढ पाठीमागे उभ्या हाडाकडे झुकते. हे सहा टक्के. आणि चौथा सरळ आडवा झोपतो, पाय भिंतीला आणि डोकं काकांच्या कमरेला. असे तीन टक्के. उरलेल्यांत गालाकडे वळलेल्या, जिभेकडे वळलेल्या आणि क्वचित अगदी उलट्या, डोकं खाली पाय वर अशाही दाढा असतात. वर्गीकरणाची ही पद्धत अमेरिकेतल्या जॉर्ज विंटर यांनी १९२६ साली मांडली. आज शंभर वर्षं होत आली, तरी आम्ही केसपेपरवर तीच लिहितो.

नुसता कल बघून मात्र भागत नाही. १९३३ साली पेल आणि ग्रेगरी या दोघांनी आणखी दोन प्रश्न विचारले. भिंत आणि काका यांच्यामध्ये बाकावर जागा किती उरली आहे? आणि चौथा माणूस बाकावर आहे, की बाकाखाली शिरला आहे? म्हणजे दाढ शेजारच्या दाढेच्या उंचीला आहे, तिच्या मानेच्या थोडी वर आहे, की तिच्याही खाली खोल गेली आहे. तुम्ही एक्सरे घेऊन येता आणि आम्ही दिव्यासमोर धरून गप्प बसतो, तेव्हा आम्ही हेच मोजत असतो. गप्प बसलो म्हणजे काही भयंकर आहे असं समजू नका.

इथे एक गंमत सांगते. लोकांना वाटतं की आडवी किंवा पुढे वाकलेली दाढ काढायला सगळ्यात अवघड. खालच्या जबड्यात सगळ्यात जास्त छळणारी असते ती मागे भिंतीला टेकलेली. एक्सरेवर ती बिचारी जवळजवळ सरळ दिसते. पण बाहेर काढायला जावं तर तिची वाट त्या उभ्या हाडातच घुसते. पेशंट म्हणतो, "अहो, शेजारणीची आडवी होती ती वीस मिनिटांत निघाली, माझी सरळ असून सव्वा तास?" काय उत्तर द्यावं!

दुखतं कुठे, आता त्याकडे वळू. जी दाढ हाडात पूर्ण गाडलेली असते, ती पुष्कळदा वर्षानुवर्षं गप्प असते. जास्त त्रास देते ती अर्धवट वर आलेली. तिच्यावर हिरडीची एक झडप राहते. त्या झडपेखाली पोह्याचा दाणा, शेवेचा तुकडा जाऊन बसतो. ब्रश तिथे पोचत नाही. मग जंतू वाढतात, झडप सुजते, वरची दाढ तिच्यावर चावते, ती आणखी सुजते. घास गिळताना दुखतं, तोंडाला घाण चव येते, तोंड उघडत नाही. परीक्षेच्या दिवसांत आणि लग्नसराईत असे पेशंट रांगेनं येतात, असा माझा अनुभव आहे. जागरण, धावपळ आणि दात घासण्याचा आळस यांचा तो मेळ असावा.

या वेळी घरी काय करायचं? कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ, मऊ ब्रशनं ती जागा जमेल तशी साफ ठेवणं, आणि दातांच्या डॉक्टरला दाखवणं. काय करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. गालाला बाहेरून गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्यायचा नाही. लवंगेचं तेल हिरडीवर चोळायचं नाही, हिरडी भाजते. गोळी दाढेशी दाबून ठेवायची नाही, ती पोटातच जायला हवी. आणि मेडिकलमधून मागच्या वेळचीच अँटिबायोटिक दोन दिवस घेऊन, बरं वाटलं की बंद, हे तर अजिबात नाही.

चिटणीसांची माफी मागून आता ते घाबरवण्याचं सांगते.

माझ्या नात्यातला एक मुलगा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, हॉस्टेलवर राहायचा. खालची डावी दाढ दुखायला लागली. सबमिशन तोंडावर होतं. मित्राकडून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, रात्री गरम पाण्याची पिशवी गालाला लावून झोपायचा. आईला फोनवर सांगायचा, "काही नाही गं, दाढ येतेय." आईपण निर्धास्त, दाढ येताना दुखतंच असं आपण सगळेच म्हणतो. चौथ्या दिवशी त्याला तोंड एक बोटभर उघडेना. पाचव्या दिवशी हनुवटीखालची सूज लाकडासारखी कडक झाली, थुंकी गिळता येईना, आणि उताणं झोपलं की श्वास अडकायला लागला. मित्रांनी रिक्षात घालून आणला. रात्री दीडला ऑपरेशन थिएटरमध्ये घेतला तेव्हा भूलतज्ज्ञांच्या चेहऱ्यावर जे मी पाहिलं ते विसरलेले नाही, कारण श्वासाची नळी घालायला तोंडच उघडत नव्हतं. शेवटी नाकातून दुर्बिणीच्या मदतीनं नळी गेली. मानेत छेद घेऊन पू काढला. अकरा दिवस तो हॉस्पिटलमध्ये होता. आज तो दोन मुलांचा बाप आहे आणि दर गणपतीला मला मोदक पाठवतो. पण त्या रात्री त्याची आई बाहेर बाकावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दाढच तर येत होती ना, ताई."

म्हणून एवढं लक्षात ठेवा. जबड्याखाली किंवा मानेवर सूज उतरली, ताप आला, गिळता येईना, आवाज बदलला, जीभ उचलल्यासारखी वाटली, तर सकाळची वाट बघू नका. दातांचा दवाखाना बंद असेल, तर थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

दुसरा त्रास असा की तो दुखत नाही आणि म्हणूनच वाईट. पुढे रेललेली दाढ आणि काका यांच्यामध्ये जो कोनाडा होतो, तिथे अन्न अडकून काकांची पाठ किडते. म्हणजे बिनकामाच्या दाढेपायी कामाची दाढ जाते. पेशंटला कळतं तेव्हा कीड नसेपर्यंत पोचलेली असते. क्वचित गाडलेल्या दाढेभोवती पाण्याची पिशवी म्हणजे सिस्ट होते आणि आतून हाड पोखरते. याचं प्रमाण कमी आहे. पण अधूनमधून एक्सरे काढायला आम्ही सांगतो ते यासाठी.

आणि एक गोष्ट जी अडलेल्या दाढेमुळे होत नाही. पुढचे दात वाकडे होतात ते अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून, असं आपण सर्रास ऐकतो. कित्येकांनी तारा लावलेल्या मुलीच्या दाढा या भीतीनंच काढून घेतल्या आहेत. १९९८ साली इंग्लंडमध्ये यावर चाचणी झाली. काहींच्या दाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या, आणि काही वर्षांनी पुढच्या दातांची गर्दी मोजली. दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. खालचे पुढचे दात वयानुसार जरा दाटीवाटीचे होतातच, अक्कलदाढ नसलेल्यांचेसुद्धा होतात.

या आपल्या गुजरातेत राहून आणखी एक बोलल्याशिवाय मी जाऊ शकत नाही. दोनेक वर्षांपूर्वी एक तरुण आला, पंचवीस-सव्वीसचा. "मॅडम, अक्कलदाढेमुळे तोंड उघडत नाही, काढून टाका." दाढ होती आणि अर्धवट अडलेलीही होती. पण ती दुखत नव्हती, सूज नव्हती. गालाच्या आतून बोट फिरवलं तर कातडी दोरीसारखी ताठ, पांढरट. विचारलं, मावा खातोस का? आधी नाही म्हणाला. वडील बाहेर गेल्यावर म्हणाला, दिवसाला सात-आठ. तोंड न उघडणं दाढेमुळे नव्हतं, सुपारीमुळे होतं. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ साली बंदी आली, पण सुपारी-तंबाखू कालवून हातात मिळतेच. तेव्हा तोंड हळूहळू, न दुखता, महिनोन्‌महिने कमी उघडायला लागलं, तिखट झोंबायला लागलं, तर दाढेवर ढकलू नका. आणि आयांनो, मुलानं 'दाढ आहे' म्हटलं तरी एकदा तोंड उघडून बघा.

आता कळीचा प्रश्न. न दुखणारी अडलेली दाढ काढायची की नाही? इथे डॉक्टरांत एकमत नाही, हे मी मोकळेपणानं सांगते. अमेरिकेत पूर्वीपासून कल असा की तरुणपणी काढून टाका, पुढचा त्रास नको. ब्रिटननं २००० साली उलटी भूमिका घेतली, आजार नसेल तर सरकारी खर्चानं काढायची नाही. त्यानंतर तिथे दाढ काढून घेणाऱ्यांचं वय वाढलं आणि शेजारच्या दाढेला कीड लागल्यानं काढायला लागण्याचं प्रमाणही वाढलं, असं तिथल्याच डॉक्टरांनी पुढे लिहिलं. २०२० साली सगळे पुरावे पुन्हा चाळले गेले, तेव्हा निष्कर्ष असा की न दुखणारी, निरोगी अडलेली दाढ काढावी किंवा ठेवावी, दोन्हींच्या बाजूनं ठाम पुरावा नाही.

माझं मत विचाराल तर सांगते. पूर्ण हाडात गाडलेली, गप्प असलेली दाढ मी काढत नाही, दोन-तीन वर्षांनी एक्सरे काढून नजर ठेवते. माझी स्वतःची उजवी खालची दाढ आडवी झोपलेली आहे. साठीला आले, तिला मी उठवलेलं नाही. पण अर्धवट आलेली, दोनदा सुजलेली, शेजारच्या दाढेला टेकून अन्न अडकवणारी दाढ पंचविशीच्या आत काढावी. तेव्हा मुळं पूर्ण झालेली नसतात, हाड लवचीक असतं, जखम लवकर भरते. तीच दाढ पन्नाशीत मधुमेह आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेऊन काढायला याल, तर तुमचे आणि माझे दोघांचेही हाल.

काढण्यात धोका काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी हे उशिरा शिकले. १९९४ साली मी नवीन होते, हाताला वेग होता, त्याचा अभिमानही होता. बँकेत नोकरी करणारी एक मुलगी आली. लग्न सहा आठवड्यांवर. खोल, पुढे झुकलेली दाढ. खालच्या दाढेच्या मुळांजवळून हाडातल्या एका नळीतून नस जाते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना तिच्यावर असते. एक्सरेवर मुळं त्या नळीवर आलेली दिसत होती. मी पाहिलं होतं, पण तिला सांगितलं नाही. कशाला घाबरवा, असं वाटलं. दाढ छान निघाली. भूल उतरली, पण ओठाचा बधिरपणा उतरला नाही. लग्नात पंगतीत मठ्ठा हनुवटीवरून ओघळत होता आणि तिला कळत नव्हतं, सासूबाईंनी रुमाल पुढे केला, हे तिनं मला नंतर सांगितलं. पाच महिन्यांनी संवेदना परत आली. ती माझ्यावर कधी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तर मी लग्नानंतर आले असते."

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला एक्सरे दाखवून ती नळी बोटानं दाखवते. बहुतेकांच्या बाबतीत बधिरपणा येत नाही. आला तरी बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. कायमचा राहणं शंभरात एकाहूनही कमी. मुळं नळीला फारच बिलगलेली वाटली तर आता त्रिमिती स्कॅन करता येतो. काही वेळा दाढेचा वरचा भाग तेवढा कापून मुळं जागेवर ठेवतात, नसेला हात लावायचा नाही म्हणून. तेव्हा तुमचा डॉक्टर 'काही होत नाही, या तुम्ही' एवढंच म्हणाला, तर 'माझी दाढ नसेपासून किती लांब आहे' असं विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

काढल्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण आरतीची घंटा मला दिसते आहे. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. पहिला दिवस थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. त्या खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच जखमेचं झाकण असते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते, त्याला घाबरू नका. दुसऱ्या दिवसापासून मीठपाण्याच्या हलक्या चुळा. मऊ भात, थंड दूध, आणि हो, आईस्क्रीम चालतं. हे ऐकून मागच्या रांगेतली मुलं हसली. सिगारेट मात्र नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी कानापर्यंत ठणकायला लागलं, तर ती रक्ताची गाठ निघाली असं समजायचं आणि डॉक्टरकडे परत जायचं. औषधाची पट्टी ठेवली की बरं वाटतं.

आणि कवळी वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक. सत्तरीनंतर कवळीखाली एखादं टोक टोचायला लागलं, तर ती नवी दाढ आली म्हणून नातवंडांना दाखवत बसू नका. ती तुमची पन्नास वर्षं लपून बसलेली अक्कलदाढच असू शकते. वरचं हाड झिजल्यावर ती उघडी पडते.

माझं बोलणं संपलं. आरतीला अजून दहा मिनिटं आहेत असं चिटणीस खुणेनं सांगताहेत, तेव्हा प्रश्न विचारा. फक्त एक विनंती, तोंड उघडून 'जरा बघता का' म्हणून इथे रांग लावू नका. मांडवात उजेड चांगला आहे, पण माझा आरसा घरी राहिला आहे.